अस्सल, नक्कल आणि आवृत्तीबदल : संगणकीय अभिलेखांच्या स्थलांतराची चिकित्सा (हिवरे बाजारच्या पाणी-ताळेबंदाच्या संदर्भात)

प्रास्ताविक

महसुली दफ्तरात 'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन शब्द दीर्घकाळ एकमेकांच्या सोबतीने वावरत आले आहेत. अस्सल कागद कचेरीत राहतो. अर्जदाराच्या हाती पडते ती त्याची नक्कल. नकलेवर 'अस्सल बरहुकूम' असा शेरा आणि अधिकाऱ्याची सही असल्याखेरीज तिला किंमत नसते. या साध्या रचनेत काही गोष्टी गृहीत आहेत. अस्सल एकच असते, ते जागचे हलत नाही आणि नकलेविषयी शंका आलीच तर ते उघडून पाहता येते. अभिलेख संगणकावर आल्यानंतर हे गृहीतक टिकले नाही. संगणकातील डेटाबेसच्या अनेक प्रती एकाच वेळी वेगवेगळ्या सर्व्हरवर नांदत असतात आणि मूळ प्रतीत झालेला बदल काही क्षणांत इतर प्रतींत उतरतो. या व्यवस्थेला प्रतिकृतीकरण असे म्हणता येईल. डेटाबेस चालवणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती जुनी होते तेव्हा या व्यवस्थेचा एक विशेष उपयोग केला जातो. नव्या आवृत्तीवर एक नक्कल उभी केली जाते, ती अस्सलाच्या बरोबरीला येईपर्यंत वाट पाहिली जाते आणि एका ठरलेल्या क्षणी अस्सल बंद करून नकलेलाच अस्सल म्हणून जाहीर केले जाते.

या क्षणाची तंत्रविषयक चर्चा विपुल आहे. सेवा किती मिनिटे बंद राहिली, किती नोंदी गहाळ झाल्या, परत फिरण्याची वाट ठेवली होती काय, या प्रश्नांभोवती ती फिरते. त्या प्रश्नांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि बँकेचे खाते, विद्यापीठाची गुणपत्रिका किंवा जमिनीचा सातबारा यांसारखे अभिलेख एका आवृत्तीतून दुसरीत जातात तेव्हा आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. नव्या प्रतीला अस्सलपण कोण देतो? यंत्र, यंत्र चालवणारे खाते, की ज्यांच्या हक्काची ती नोंद आहे ते लोक? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा महाराष्ट्रातील सातबाराच्या संगणकीकरणाच्या आधारे केली असून तुलनेसाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचा पाण्याचा ताळेबंद घेतला आहे. दोन्ही अभिलेख गावपातळीचे आहेत. एक राज्याच्या सर्व्हरवर आहे, दुसरा दरवर्षी ग्रामसभेपुढे येतो. हा भेद वरकरणी साधनसामग्रीचा वाटला तरी प्रत्यक्षात तो पडताळणीचा आहे.

प्रतिकृतीचे दोन मार्ग

डेटाबेसची प्रतिकृती मुख्यतः दोन प्रकारे तयार होते. पहिल्या प्रकारात मूळ सर्व्हरच्या साठवणीतील प्रत्येक बदल जसाच्या तसा दुसऱ्या सर्व्हरवर उमटवला जातो. यास भौतिक प्रतिकृतीकरण म्हणतात. दुसऱ्या प्रकारात साठवणीची नक्कल न होता व्यवहाराचा आशय पाठवला जातो : अमुक तक्त्यात अमुक ओळ आली, अमुक ओळीतील नाव बदलले. हे तार्किक प्रतिकृतीकरण होय. पोस्टग्रेसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त प्रणालीत पहिल्या प्रकाराची अखंड प्रवाही सोय २०१० च्या ९.० आवृत्तीत आली, तर दुसरा प्रकार २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून अंगभूत झाला. त्यापूर्वी, २००४ पासून, स्लोनी नावाच्या जोडप्रणालीने हे काम केले आणि आवृत्ती बदलताना सेवा फार काळ बंद राहू नये हा तिच्या मुख्य उपयोगांपैकी एक होता.

भौतिक प्रतीची अट कडक आहे. दोन्ही टोकांना आज्ञावलीची मुख्य आवृत्ती एकच असावी लागते, कारण साठवणीची मांडणी आवृत्तीगणिक बदलू शकते. त्यामुळे काम चालू ठेवून आवृत्तीची सीमा ओलांडायची असेल तर तार्किक मार्गच उरतो. या मार्गाचे वैशिष्ट्य, आणि त्याचबरोबर त्याची मर्यादा, अशी की आशय पाठवताना काही गोष्टी मागे राहतात. पोस्टग्रेसक्यूएलच्या २०२५ मधील १८ व्या आवृत्तीपर्यंत तक्त्याच्या रचनेतील बदल आणि अनुक्रमांक देणाऱ्या गणकाची स्थिती या दोन गोष्टी तार्किक प्रतिकृतीकरणाने आपोआप जात नाहीत. त्या कोणीतरी आठवणीने हाताने न्याव्या लागतात.

गणकाचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. परंतु फेरफार नोंदवहीचा विचार करावा. प्रत्येक गावाच्या फेरफारांना क्रमांक असतो आणि पुढच्या साऱ्या व्यवहारांत नोंदीची ओळख त्या क्रमांकानेच पटते. समजा, असा क्रमांक गणकावर अवलंबून आहे, सर्व ओळी नव्या प्रतीत पोचल्या आहेत, पण गणक आरंभाच्या आकड्यावरच राहिला आहे. अशा स्थितीत नवी प्रत अस्सल झाल्यावर येणाऱ्या पहिल्याच नोंदीला पूर्वी दिलेला क्रमांक मिळू पाहील. एकमेवतेचे बंधन असेल तर नोंद नाकारली जाईल. नसेल तर एका क्रमांकाचे दोन फेरफार तयार होतील. ओळी मोजून केलेल्या पडताळणीत ही चूक दिसणार नाही, कारण ओळी पूर्ण आहेत.

मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रचलित प्रणालीत आवृत्तीविषयी एक नियम आहे. नक्कल अस्सलापेक्षा नव्या आवृत्तीची चालते, उलट चालत नाही. नव्याने जुने वाचावे, जुन्याकडून नवे वाचण्याची अपेक्षा धरू नये, असा त्याचा अर्थ. मराठी अभिलेखांच्या इतिहासात मात्र या नियमाचा व्यत्यास पाहावयास मिळतो. मोडीतून बालबोधीत झालेल्या आवृत्तीबदलानंतर नव्या पिढीला जुने वाचता येईनासे झाले. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. जुनी आवृत्ती बंद झाली म्हणून तिचे काम संपले असे समजणे किती घाईचे असते, हे त्यावरून दिसते.

प्रत तीच, वाचन वेगळे

वरील उदाहरणांत प्रतीमध्ये काहीतरी उणे राहते. याहून विचार करायला लावणारा प्रकार म्हणजे प्रतीत काहीही उणे नसताना ती चुकीची वाचली जाणे. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सर्व्हरमध्ये शब्दांची क्रमवारी लावण्याचे नियम जी-लिब-सी या मूलभूत संचातून येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये या संचाची २.२८ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तीत क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या सर्व्हरवरील डेटाबेसची भौतिक नक्कल नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवर घेतली तर तिचा बिंदूही बदललेला नसे. डेटाबेसची आवृत्तीही तीच असे. बदललेला असे तो केवळ खालचा क्रमवारीचा नियम. परिणाम असा की जुन्या क्रमाने रचलेली निर्देशसूची नव्या क्रमाने चाळली जाई आणि अस्तित्वात असलेली ओळ सापडत नसे. ती नाही असे समजून तीच पुन्हा भरली गेली तर एकमेवतेचे बंधनही तिला अडवू शकत नसे, कारण तेही त्याच निर्देशसूचीवर अवलंबून असते. पुढील आवृत्त्यांत पोस्टग्रेसक्यूएलने यासाठी इशारा देण्याची सोय केली.

हा बदल ओळखण्यासाठी जाणकारांनी सुचवलेली चाचणी अगदी लहान आहे : '१-१' आणि '११' यांपैकी आधी काय येते ते पाहावे. आंतरराष्ट्रीय अंकांत केलेल्या या चाचणीत जुन्या नियमाने '११' आधी येते, नव्या नियमाने '१-१'. मधल्या आडव्या रेघेला किती वजन द्यायचे, एवढाच काय तो फरक. परंतु जमिनीच्या अभिलेखात भूमापन क्रमांक आणि हिस्सा यांच्यामधली रेघ हीच एका शेताला दुसऱ्यापासून वेगळे करते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे स्वरूप कळते. येथे प्रत आणि मूळ यांची अक्षरशः तुलना करणारी कोणतीही यांत्रिक चाचणी उत्तीर्णच होईल. चूक दिसते ती कोणी प्रश्न विचारला तरच.

मराठी लिपीच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोड्यांतील भेद मराठी वाचकास सांगावा लागत नाही. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांतील हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. 'ऱ' या स्वतंत्र संकेतांकास हलन्त जोडून, किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर व कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते भिन्न आहेत. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही त्यांना एक मानलेले नाही. 'ॲ' या अक्षराची कथा तशीच आहे. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाला. तोवर 'अ' वर चंद्र देऊन काम भागवले जाई, आणि ते जुने लेखन आजही डेटाबेसमध्ये पडून असते. उलट दिशेची चूकही संभवते. मायएसक्यूएलच्या २०१८ मधील ८.० आवृत्तीचा क्रमवारीचा मूलनियम नुक्त्यासारखे भेद गौण मानतो, आणि युनिकोडच्या दृष्टीने 'ऱ' म्हणजे नुक्ता दिलेला 'र'. त्यामुळे तो नियम स्वीकारून तक्ते पुन्हा बांधले तर 'दर्या' आणि 'दऱ्या' हे तुलनेपुरते एकच शब्द ठरतात. एकाच शब्दाचे दोन होणे आणि दोन शब्दांचा एक होणे, दोन्ही गोष्टी आवृत्तीबदलात घडू शकतात. अशा वेळी निकाल देण्यास मराठी वाचणारा माणूसच लागतो. गावांच्या नावांतही हेच आहे. 'हिवरे बाजार' आणि 'हिवरेबाजार' असे दोन्ही लेखन छापील मजकुरात आढळते. शिवाय जुन्नर तालुक्यात हिवरे तर्फे नारायणगाव आहे, शिरूर तालुक्यात हिवरे कुंभार आहे. नगर तालुक्यातील माणूस यांत कधी गोंधळणार नाही. यंत्रासाठी मात्र गावाला संकेतांक द्यावा लागतो, आणि तो देणे योग्यच आहे.

सातबाराचे स्थलांतर

महाराष्ट्रातील जमिनीचे अभिलेख हे आवृत्तीबदलाचे मोठे आणि सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे. सातबारांची संख्या सुमारे अडीच कोटींच्या घरात आहे. हे अभिलेख प्रथमच रूपांतरित होत होते असेही नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा प्रत्येक शेताची ओळखच बदलली आणि त्या वेळच्या चुकांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालले. संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि २०१६ मध्ये त्याचे नाव डिजिटल इंडियाशी जोडले गेले. राज्यात पुढे ई-फेरफार प्रणाली आली, १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला, २०२० मध्ये सातबाराचा नमुना बदलून त्यात गावाचा संकेतांक, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक इत्यादी बाबी आल्या आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे पिकांची नोंद शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवरून होऊ लागली. सुमारे तीन दशकांत एकाच अभिलेखाने किती आवृत्त्या ओलांडल्या ते यावरून दिसेल.

या प्रवासाचा एक टप्पा विशेष चिकित्सेचा विषय आहे. काही वर्षे हस्तलिखित आणि संगणकीकृत असे दोन्ही सातबारे व्यवहारात होते. एका गटाची नोंद वहीत एक आणि संगणकात दुसरी, ही तक्रार त्या काळी सार्वत्रिक होती. दोन प्रती एकाच वेळी स्वतःला अस्सल समजून बदल स्वीकारू लागल्या की त्यांचा मेळ घालणे अवघड होते, हे प्रतिकृतीकरणाच्या शास्त्रातील परिचित संकट आहे. अशा प्रसंगी काही प्रणालींत शेवटचा बदल खरा, असा यांत्रिक नियम लावला जातो. महसूल खात्याने तसे केले नाही, हे त्याच्या श्रेयाचे मानले पाहिजे. 'एडिट मॉड्यूल' आणि त्यापुढील 'री-एडिट मॉड्यूल' या सोयींचा उद्देश संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळवणे हा होता, म्हणजे अस्सल कोणते याचा निर्णय वहीच्या बाजूने झाला. तत्त्व म्हणून हा निर्णय बिनतोड होता. अडचण त्याच्या अंमलबजावणीत होती. ज्या तलाठ्याने वही लिहिली होती, बहुधा त्याच्याच हाताखाली ती संगणकात भरली गेली आणि जुळणीचे प्रमाणही त्यानेच द्यायचे होते. लेखकानेच मुद्रितशोधन केल्यावर जे राहून जाते ते येथेही राहून जाणे स्वाभाविक होते. पुढे आढळलेल्या चुका महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त केल्या गेल्या. हे कलम मुळात लेखनप्रमादासाठी आहे. यंत्रांतराने झालेला बदल हा लेखनप्रमाद मानावा काय, यावर फारशी चर्चा झाली नाही.

येथे कायद्याची दुसरी तरतूद लक्षात घेणे आवश्यक आहे. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, तीविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. हस्तलिखिताच्या काळात या गृहीतकाला आधार होता. कलम १५० खाली फेरफाराची नोंद होते, तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि त्यानंतरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद खरी मानायची ती या साऱ्या चाळणीतून गेली म्हणून. आवृत्तीबदलात मात्र नोंदीचे रूप बदलते, प्रसंगी तिचा आशयही बदलतो, आणि या चाळणीपैकी एकही पायरी त्या बदलाला लागू होत नाही. तरीही खरेपणाचे गृहीतक नव्या प्रतीसोबत आपोआप पुढे जाते. परिणामी चूक यंत्राची असली तरी ती सिद्ध करण्याचे ओझे खातेदारावर येते. त्याला जुना उतारा शोधावा लागतो, अर्ज करावा लागतो, तहसील कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दरम्यान पीककर्ज अडते, भूसंपादनाचा मोबदला अडकतो, खरेदीखत थांबते. तंत्रज्ञांच्या अहवालात त्या स्थलांतराची नोंद 'यशस्वी' अशीच झालेली असते.

या पार्श्वभूमीवर २०१७ मधील चावडी वाचनाची मोहीम उठून दिसते. संगणकीकृत सातबारा गावात चावडीवर वाचून दाखवायचा, हरकती घ्यायच्या आणि त्यानुसार दुरुस्ती करायची, असे तिचे स्वरूप होते. संगणकीय परिभाषेत बोलायचे तर नव्या प्रतीला तिच्याच विषयाबद्दल प्रत्यक्ष प्रश्न विचारण्याची ती पद्धत होती; आणि वर पाहिल्याप्रमाणे काही चुका केवळ प्रश्न विचारल्यावरच उघड होतात. कर्णोपकर्णी चालत आलेल्या एका जुन्या ग्रामव्यवहाराने आधुनिक प्रणालीची उणीव नेमकी हेरली, असे म्हणावे लागेल. तथापि मोहिमेच्या मर्यादाही दिसून येतात. चावडीवर जो हजर तोच ऐकतो. पोटासाठी पुण्या-मुंबईस गेलेला खातेदार, सासरी नांदणारी बहीण, इतर हक्कांत नाव असलेली विधवा यांच्यापर्यंत ते वाचन किती पोचले असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. दुसरे असे की ती मोहीम ठरली, रीत झाली नाही. त्यानंतर नमुना बदलला, प्रणाली बदलल्या, परंतु प्रत्येक बदलापाठोपाठ नवे वाचन व्हावे असा नियम झाला नाही. २०२५ च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत मृत खातेदारांच्या वारसनोंदींसाठी चावडी वाचनाची पुन्हा आठवण झाली. तिचा उद्देश नोंद अद्ययावत करणे हा होता. प्रतीची पडताळणी हा नव्हता.

हिवरे बाजारचा ताळेबंद

हिवरे बाजारविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे गौरवपर आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर खचत गेलेले हे पर्जन्यछायेतील गाव, १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्याकडे आलेले सरपंचपद, आदर्श गाव योजनेतील समावेश, पाणलोटाची कामे, २०२० मध्ये पवार यांना जाहीर झालेली पद्मश्री, हा तपशील सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो गावाने ठेवलेला पाण्याचा ताळेबंद. पर्जन्यमापकावर पाऊस मोजायचा, विहिरींतील पाण्याची पातळी पाहायची, त्यावरून उपलब्ध पाण्याचा अंदाज बांधायचा, माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके किती घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे, असा हा क्रम आहे. कमी पावसाच्या वर्षी पिकांना कात्री लागते. ऊस-केळीसारखी पिके आणि शेतीसाठी बोअरवेल यांना गावाने मनाई केली आहे.

अभिलेख म्हणून या ताळेबंदाकडे पाहिले तर काही वैशिष्ट्ये आढळतात. त्याच्याही प्रती आहेत. आकडे दप्तरात असतात आणि गावात फलकावरही लिहिले जातात. परंतु कोणतीही प्रत केवळ आधीच्या प्रतीवरून खरी ठरत नाही. दरवर्षी पाऊस नव्याने मोजला जातो आणि आकडा चुकला तर त्याचा फटका त्याच हंगामात ऐकणाऱ्याच्या शेताला बसतो. विहिरीत पाणी किती आहे हे ज्याला रोज दिसते त्याच्यासमोर विहिरीचा आकडा वाचला जातो. त्यामुळे वाचन हा उपचार राहत नाही. नोंद आणि वस्तू यांची समोरासमोर गाठ घालून देणारी ती पडताळणी असते.

या गावाच्या वाटचालीत प्रतिकृतीच्या दोन्ही मार्गांचा फरकही दिसतो. १९९२ च्या आदर्श गाव योजनेपुढे राळेगणसिद्धीचा आदर्श होता. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री तेथूनच आली. हिवरे बाजारने तिचा आशय घेतला आणि बोअरवेलबंदी व पाण्याचा ताळेबंद या मूळ नमुन्यात नसलेल्या गोष्टींची भर घातली. पुढे 'हिवरे बाजारची प्रतिकृती' करण्याची भाषा सर्वत्र रूढ झाली. तिच्यात बंधारे आणि चर यांची नक्कल चटकन होते. पाणी वाटण्याचा निर्णय दरवर्षी घेणारी ग्रामसभा मात्र त्या नकलेत येतेच असे नाही. अंदाजपत्रकात बंधाऱ्याला शीर्ष असते, ग्रामसभेतल्या भांडणाला नसते. (कुऱ्हाडबंदी या शब्दातच वर चर्चिलेला अर्धा र आहे. हा शब्द दोन प्रकारे टंकलेला असेल तर शोधयंत्रावर तो एकदा सापडेल आणि एकदा सापडणार नाही.)

हिवरे बाजारचा दाखला सातबाराला जसाच्या तसा लागू होणार नाही, हे उघड आहे. ताळेबंद सामाईक साठ्याचा असतो, सातबारा खासगी हक्काचा. पाण्याच्या आकड्यात सर्वांचे हित एकाच दिशेला असू शकते. बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचे तसे असत नाही. शिवाय हजार-बाराशे वस्तीच्या, ग्रामसभेची सवय असलेल्या गावात जे जमते ते मोठ्या, गटातटांत विभागलेल्या गावात जमेलच असे नाही. सार्वजनिक वाचनात दांडग्याचा आवाज दुबळ्याच्या हरकतीला दडपून टाकण्याचा धोकाही नाकारता येत नाही. तरीही वाचन वारंवार व्हावे आणि ज्याला वस्तू ठाऊक आहे त्याच्यापुढे व्हावे, या दोन अटी दोन्ही अभिलेखांना समान आहेत. नव्या आवृत्तीच्या बाबतीत त्या पाळण्यासाठी वेगळा कायदा शोधण्याची गरज दिसत नाही. कलम १५० ची रीत उपलब्धच आहे. आवृत्तीबदल हाच एक फेरफार समजून गावाला त्याची नोटीस द्यावी, हरकतीची मुदत ठेवावी आणि ती संपेपर्यंत जुनी प्रत वाचनासाठी खुली ठेवावी. हरकतीची नोटीस चावडीबरोबरच प्रत्येक खातेदाराच्या भ्रमणध्वनीवरही जाऊ शकते, म्हणजे गावाबाहेर असणाऱ्यांचा प्रश्न काही अंशी सुटेल.

यावर स्वाभाविक आक्षेप असा येईल की अडीच कोटी सातबारे प्रत्येक आवृत्तीबदलाला वाचणे अशक्य आहे. तो खरा आहे. परंतु सगळे वाचण्याचे कारण नाही. जुन्या व नव्या प्रतीला सारखेच प्रश्न विचारावेत : या नावाची किती खाती आहेत, या गटाचे किती हिस्से आहेत, शेवटचा फेरफार कोणता, पुढचा क्रमांक कोणता येणार. ज्या ठिकाणी दोन उत्तरे जुळत नाहीत तेवढ्यांची गाववार यादी यंत्रच काढून देईल. हिवरे बाजारसारख्या लहान गावात ती ग्रामसभेच्या एका बैठकीत वाचून संपेल, मोठ्या गावात दोन-तीन बैठका लागतील. यादी रिकामी निघाली तर तेही चावडीवर लिहून लावावे. यादी जुळली तरी दोन्ही प्रतींत मुळापासून असलेली चूक या पद्धतीने सापडणार नाही. तिच्यासाठी कलम १५५ आहेच.